रुग्णाशी नाते

तिघे होतो त्या रात्री, एरंडवण्यातल्या इस्पितळात,
अपघात विभागाबाहेर.
माझ्याकडे वारज्याच्या बी-४०२ मधल्या सरपोतदार बाई,
न्हाणीघरात पडलेल्या, मुठीत अजून साबणाची वडी.
अन्वर बागवानकडे धायरीचे एक कर्नल.
ग्लोरिया साळवेकडे कोणी आजोबा,
ते तिला सारखे सिस्टर म्हणत होते, आणि ती सिस्टर नव्हती.

काउंटरवर अर्ज. नाव, वय, रक्तगट,
मग ती रिकामी ओळ: रुग्णाशी नाते.
अन्वरने लिहिलं, शेजारी.
ग्लोरियाने एक आडवी रेघ ओढली.
मी पेन झटकत राहिले, शाई असूनही.
बाईंचा मुलगा टोरांटोत दुपारचं जेवत होता.
म्हणाला, तुम्हीच बघा ना, मॅडम.

पहाटे कॅन्टीनमध्ये कळलं की पगारपत्रकावर
मी 'देखरेख', अन्वर पंप आणि बागेचा सुपरवायझर,
ग्लोरिया नुसतीच 'इतर'.
आणि काम तर एकच:
नोव्हेंबरातले हयातीचे दाखले,
बँकेच्या यंत्रावर न उमटणारे झिजलेले अंगठे,
कोणाची कवळी, कोणाचा रुसवा,
कोणाचं दार नऊपर्यंत उघडलं नाही
तर पहिली बेल कोणी वाजवायची.
अन्वरने बिलाच्या पाठीवर लिहिलं:
कोणत्या रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर आपल्या लिफ्टमध्ये मावतं?
हा आमचा पहिला दस्तऐवज. फायलीत आहे, चहाच्या डागासकट.

पुढच्या महिन्यात सात जण, दिवाळीनंतर एकोणीस.
ग्लोरियाच्या चर्चमागची खोली मिळाली, रविवारची शाळा सुटल्यावर.
पोरांच्या बुटक्या बाकांवर
गुडघे हनुवटीला लावून आम्ही घटना लिहिली.
नावावर अडीच तास गेले. पुणं आहे हे.
सेवक नको, पालक तर मुळीच नको,
शेवटी समन्वयक, अकरा विरुद्ध आठ.
शिक्केवाल्याने अर्धा न गाळला,
वर्षभर आम्ही 'समवयक संघ' म्हणून सह्या केल्या.
निवृत्त मुख्याध्यापक देवस्थळींनी
आमचं पहिलं परिपत्रक तांबड्या पेनाने तपासून परत पाठवलं,
दहापैकी साडेचार.

धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत चौदा फेऱ्या.
साहेब म्हणाले, नर्स नाही, वकील नाही, नातेवाईक नाही,
मग संघ कशाचा?
अन्वर म्हणाला, तेच तर लिहून द्यायला आलोय.

मग पाटल्यांचं प्रकरण.
शालन टिळेकर, आमची खजिनदार, पैचा हिशोब चोख.
तिच्या इमारतीतल्या एका बाईंनी
मृत्युपत्रात दोन पाटल्या तिच्या नावे केल्या.
भाची आली, जिन्यात ओरडली.
आम्ही नियम केला, सहावा:
फळापेक्षा मोठं काही घ्यायचं नाही.
शालनने पाटल्या परत केल्या, वह्या परत केल्या,
आणि पुन्हा आली नाही.
नियम बरोबर होता. अजून वाटतं.
तरी वर्गात सहावा नियम मी जरा भरभर वाचते.

आता हस्तपुस्तिका आहे. पान अकरा:
'नाते' या रकान्यात 'अधिकृत समन्वयक' असे लिहावे,
सोबत ओळखपत्र क्रमांक.
दोन इस्पितळांनी तशी चौकटही छापली,
तिसऱ्याने कळवतो म्हणून सांगितलं, त्याला चार वर्षं झाली.

मंगळवारी नव्या तुकडीतल्या भैरवी ओव्हाळने विचारलं,
मॅडम, त्या रात्री तुम्ही काय लिहिलं होतं?
मी फळा पुसला. म्हटलं, आधी चहा घेऊन येऊ.
तो अर्ज केव्हाच रद्दीत गेला असेल.
साबणाची वडी माझ्या कपाटात आहे, चिरा पडलेली.
सहाव्या नियमात बसते.
मोजून पाहिलंय मी, चिकूएवढीसुद्धा नाही.